काकूंचा अंदाज आणि साबण

माझ्या मैत्रिणीच्या सासूबाईंनी, म्हणजे काकूंनी, जन्मात कधी काही मोजलं नाही. अनारसे असोत, जेवायला येणाऱ्यांची संख्या असो, नाहीतर सिडनीच्या केलीव्हिल उपनगरातल्या दोन दुकानांमधलं अंतर असो, काकूंचा सगळा कारभार अंदाजाने चालायचा. आणि वैताग असा की तो अंदाज बरोबर निघायचा. 'चिवड्यात साखर किती?' विचारलं की 'लागेल तेवढी.' 'रवा किती वेळ भाजू?' तर 'वास सुटेपर्यंत.' ताप त्या तळहाताने बघत आणि थर्मामीटर मागाहून मान डोलवत असे. सिडनीला कायमच्या यायला निघाल्या तेव्हा त्यांनी बॅग नुसती उचलून तिचं वजन सांगितलं, आणि काउंटरवरच्या मुलीने आधी मशीनकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. निदान काकू ही गोष्ट अशीच सांगतात.

सून म्हणजे माझी मैत्रीण मेधा, अगदी उलट. ती लॅबमध्ये काम करते आणि चहाची पावडरसुद्धा सपाट चमच्याने घालते. या दोघी एका ओट्यावर इतकी वर्षं कशा नांदल्या, देव जाणे. मेधाच्या मुलीची, इराची, कातडी फार नाजूक. विकतचा साबण लागला की कोपरात लाल चट्टे उठायचे आणि पोर खाजवून खाजवून रडायची. शेवटी मेधाने घरीच, चुलीवर न शिजवता होणारा तेलाचा साबण करायचं ठरवलं. त्यात कॉस्टिक सोडा लागतो, आणि तो जरा जास्त पडला तर त्याच साबणाने अंग भाजतं. मेधाचा जीव त्यात अडकला होता, म्हणून तिने मलाही बोलावून घेतलं. शनिवारी दुपारी मागच्या अंगणात आम्ही तिघी हातमोजे घालून उभ्या राहिलो. काकूंनी गॉगल चष्म्यावरच चढवला होता. "पिठलं ज्याला जमतं त्याला साबण काय अवघड," त्यांनी जाहीर केलं आणि वजनकाटा बाजूला सारला. "मोजायचं कसलं? नो वरीज, मेधा!"

अर्धा किलो खोबरेल हवं होतं. काकूंनी डबा तिरका केला, डोळे बारीक केले, आणि बरोबर तेवढंच ओतल्याच्या थाटात डबा खाली ठेवला. मेधाने पातेलं काट्यावर ठेवलं. पातेल्याचं वजन वजा जाऊनही आकडा सातशेच्या पुढे गेला.

"बॅटरी उतरलीये बहुतेक, आई," मेधा चटकन म्हणाली.

"मग बदल की."

मेधाने आतून नवी बॅटरी आणून घातली. आकडा तोच. काकूंनी गॉगल वर सारून तो आकडा पुन्हा वाचला.

"म्हणजे परवाची आमटी खारटच होती," काकू म्हणाल्या. "आणि तुम्ही दोघी मिटक्या मारत जेवलात."

"थोडीशीच होती, आई."

"त्याच्या आधीचीही?"

मेधा वजनकाटा पुसायला लागली. काकूंनी हातमोजा नीट ओढून घेतला. "कॉस्टिक तू मोज. पोरीच्या अंगाला लागायचंय. मी ढवळते."

मेधाने तेल आणि कॉस्टिक दोन्ही दोनदोनदा मोजलं, आणि मिश्रण कढीएवढं दाट होईपर्यंत काकू ढवळत राहिल्या. वड्या पाडून सुकवायला ठेवल्या, त्या महिनाभराहून जास्त. काकूंना वाट बघणं कधीच जमलं नाही, पण या वड्यांना त्यांनी बोटसुद्धा लावलं नाही. मग एका रविवारी इरा आंघोळ करून ओल्या केसांनीच बाहेर आली आणि ओरडली, "आजी, इट डझंट स्टिंग!" काकूंनी तिचे कोपर उजेडात धरून पाहिले, एक डावा, एक उजवा, आणि पदराने डोळे पुसले. मेधाही रडली. मीही.

वजनकाटा आता मिसळणाच्या डब्याशेजारी असतो. काकूंनी स्वतःच तो तिथे ठेवला. मीठ घालण्याआधी त्या चष्मा लावतात, आकडा बघतात, चिमूटभर परत काढतात. त्यांच्याकडे जेवायला मी अजून जाते. आमटी आता नेहमी बरोबर होते. पूर्वी ती कधी कधी त्याहून चांगली व्हायची.