बाबांची तीन यंत्रं आणि पहिलं आवतान

माझे बाबा, काळुराम, ठाण्याजवळच्या बाळकुमचे. कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. चौऱ्याण्णव साली कंपनीनं त्यांना कॉम्प्युटर शिकायला पाठवलं आणि आमच्या घराची शांतता गेली. पुढे कंपनीनं जुने कॉम्प्युटर विकायला काढले, त्यातला एक बाबांनी टेम्पोत घालून घरी आणला.

टेबलावर कॉम्प्युटर, वरच्या खिशात डिजिटल डायरी, पिशवीत कॅल्क्युलेटर. तिघांची कामं वाटून दिलेली. याद्या कॉम्प्युटरात, फोन नंबर आणि तारखा डायरीत, बेरजा कॅल्क्युलेटरवर. एकाचं काम दुसऱ्याला सांगितलं की यंत्र गोंधळतं, असं बाबांचं ठाम मत. गोंधळायचे ते स्वतः. गॅसचा नंबर कधी लावला हे कशात लिहिलंय ते शोधत बसायचे आणि तोवर आई शेजारून विचारून आलेली असायची. "एक ना धड, भाराभर चिंध्या," असं ती स्वयंपाकघरातूनच सुनावायची.

सत्त्याण्णव साली माझं लग्न ठरलं. आमच्या आगरी लोकांत आवतानाची, म्हणजे आमंत्रणाची, एक रीत आहे. पहिलं गावदेवीला. दुसरं नवरीच्या मामाला, आईबापांनी जोडीनं जाऊन, नारळ-सुपारी देऊन. मग बाकी जग. मामा पाठीशी उभा राहिल्याशिवाय नवरी बोहल्यावर चढत नाही. मला एकच मामा, देवराम, ठाकुर्लीचा. आईचे वडील लवकर गेले, तेव्हा या भावानंच तिला वाढवलं होतं.

बाबांनी तीनशे घरांची यादी कॉम्प्युटरात घातली. मामाचं नाव सर्वांत वर होतं, हे मी स्वतः पाहिलंय. मग दोनदा आलेली नावं सापडावीत म्हणून त्यांनी यादी इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावली आणि छापून कारखान्यात नेली. पहिलं नाव आलं आवडाबाईचं. ही बाबांची सख्खी बहीण, राहायला कोलशेतलाच, कारखान्याच्या मागे. स्टोअरमधला माणूस यादीत वरून खाली जातो, मध्ये उडी मारत नाही. सुटी झाल्यावर बाबा सरळ आत्याच्या घरी.

आत्या हुशार. तिनं आधी विचारलं, "देवरामला जालं ना रं?"

बाबांनी खिशातली डायरी काढली, बटणं दाबली. डायरीत मामाचं नाव होतं, पुढे तारीखही होती. "जालं," म्हणाले आणि आत्याला सुपारी दिली. ती तारीख येत्या रविवारची होती. जायचं कधी ते डायरीत, जाऊन आलो ते कॉम्प्युटरात, ही त्यांचीच वाटणी, आणि तीच ते विसरले.

रविवारी आईबाबा ठाकुर्लीला गेले ते वरातीमागून घोडं. आवडाबाईला आधी आवतान गेल्याची बातमी तिथं पोचली होती. मामानं पाणी दिलं. नारळ हातात घेतला नाही.

आई आठ दिवस बाबांशी बोलली नाही. मला बाबांचा भयंकर राग आला होता आणि कीवही येत होती, कारण आपलं काय चुकलं ते त्यांना खरंच कळत नव्हतं. "मी मुद्दाम केलं असतं तर गोष्ट वेगली," एवढंच म्हणत राहिले.

पुढच्या रविवारी ते पुन्हा निघाले, यंत्रांचा पुरावा घेऊन. कॉम्प्युटर उचलून नेता येत नव्हता म्हणून यादीचे कागद घेतले. आई आणि मी मागोमाग गेलो.

मामा ओटीवर बसला होता. बाबांनी कागद पसरून सगळं समजावलं, ए कुठं, डी कुठं, मध्ये किती नावं. मामानं शांतपणे ऐकून घेतलं.

"यात जनीचं नाव कुठं हाय?" त्यानं विचारलं.

जनी म्हणजे माझी आई. बाबांनी कागदांवरून बोट फिरवलं. मग डायरी काढली. मग गडबडीत कॅल्क्युलेटरही काढला आणि बघून परत पिशवीत टाकला. मी हसू दाबलं.

"तिचं नाव यादीत कनाला असंल, दादा? ती घरातली."

"आन मी?"

बाबांचं बोट यादीतल्या त्याच्या नावावर गेलं.

"बापाच्या माघारी मी हिला वाढवली. आवडाबाई पहिली गेली त्याचं मना काय नाय. ती पन बहीनच हाय. पन तू मना यादीत घातलास."

मामानं बाबांच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि स्वतःच्या नावावर आडवी रेघ मारली, कागद फाटेपर्यंत. आईनं पदर तोंडाला लावला. बाबा फाटलेला कागद सरळ करायला लागले.

"बस आता," मामा म्हणाला. "मांडवाला बांबू किती लागतील? आन भटाला कोन सांगतंय? मी सांगू?"

नंतर तासभर तो, मामी आणि आई मांडव, हळद, भाताची पातेली यांवर भांडत होते. बाबा नुसते एकेकाच्या तोंडाकडे बघत होते.

परतताना स्टेशनच्या रस्त्यावर बाबांनी आईला हळूच विचारलं, "नाव तर खोडलं त्यानं. मग जेवणाच्या आकड्यात त्याला धरायचा का नाय?"

आई थांबली. आठ दिवसांनी पहिल्यांदा तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"घरात सांजच्याला भात टाकताना," ती म्हणाली, "तुमाला मी कधी मोजलंय?" आणि भर रस्त्यात रडायला लागली.

बाबा तिच्यासमोर उघडी डायरी घेऊन उभे राहिले. काय लिहायचं ते त्यांना कळलं नाही.