उंडीखालचा चिरा

बसायला सांगितलेलं कमळबायला मुळीच खपत नाही. सहासष्ट वर्षांची बाई, डोक्यावर पांढऱ्या कांद्याच्या माळा आणि वालाच्या शेंगांनी भरलेली टोपली, आणि समोर नगरपालिकेची चार चकचकीत बाकं. येणारा-जाणारा म्हणतो, "आजी, बसा की जरा." तिचं डोकं तिथेच फिरतं. बसा म्हणणाऱ्यांपैकी एकाच्याही डोक्यावर कधी ओझं नव्हतं, हे तिला लांबूनच कळतं.

त्या बाकांच्या जागी, उंडीच्या झाडाखाली, यंदाच्या होळीपर्यंत एक चिरा होता. जांभ्याचे दोन उभे आणि त्यांवर एक आडवा, छातीइतका उंच. शहरात माल घेऊन येणाऱ्या बायका तिथे ओझं टेकवायच्या, मान मोकळी करायच्या आणि वाकून टोपलीखाली डोकं घालून पुन्हा चालू लागायच्या. जमिनीवर ठेवलेली भरली टोपली एकटीला डोक्यावर घेता येत नाही, दुसरं माणूस लागतं. चिऱ्यावरून घेता येते. एवढं साधं काम होतं त्याचं.

त्याच नाक्यावर पूर्वी गुरांना पाणी प्यायची दगडी डोणी होती, ती गेली. लाल टपालपेटी गेली, कंदिलाचा लोखंडी खांब गेला. कमळबायने कशाचंच वाईट वाटून घेतलं नाही. तिला ना गुरं पाजायची होती ना पत्रं लिहायची होती. आता तिला स्वतःचाच राग येतो. डोणी गेली तेव्हाच बोंब मारायला हवी होती.

घरात एक बोली झाली होती. मुलगा विपुल बंदरावर ट्रेलर चालवतो, सून हेमाली पतपेढीत नोकरीला. आईने आता दारोदार फिरू नये असं दोघांचंही मत. शेवटी विपुल म्हणाला, "आई, रस्त्यात ज्या दिवशी टोपली उचलायला दुसऱ्याचा हात लागंल, त्या दिवशी धंदा बंद." कमळबाय लगेच हो म्हणाली. घरी पडवीचा कठडा होता. गिऱ्हाइकाच्या दारात गिऱ्हाईक हात लावतं, तो रिवाज झाला, त्याला मदत म्हणत नाहीत. आणि वाटेत चिरा होता. पोराला चिऱ्याचं काय ठाऊक, तो जन्मभर चाकांवर.

मग होळीच्या चार दिवस आधी ती नेहमीसारखी उंडीखाली आली, न बघताच वळली, टोपली उतरवून छातीच्या उंचीवर धरली आणि हात सोडले. चाळीस वर्षं हात सोडले की खाली चिरा असायचा. त्या दिवशी तिथे सिमेंटचे ओले चौथरे होते. माळा तुटून कांदे गटारापर्यंत घरंगळले. फिरायला आलेल्या दोन मुलींनी आधी मोबाइलवर व्हिडिओ काढला, मग कांदे गोळा करून टोपली तिच्या डोक्यावर दिली. कमळबायला ती घ्यावी लागली; घरी तिने हे सांगितलं नाही.

ती तशीच नगरपालिकेत गेली. हरेश्वर नावाच्या कारकुनाने कागद काढून वाचला. "अडथळा, दगडी, एक. काढला. बाक, स्टील, चार."

"मंग आमी टेकवायचं कुठं?"

"बाकावर बसा ना, काकी. तुमच्यासाठीच दिलीत."

"बसून काय करू? टोपली बाकावर ठेवली तर डोक्यावर कोन देनार? गुडघ्याएवढं तुमचं बाक."

हरेश्वर वाईट माणूस नव्हता. त्याने चष्मा काढला. "खरं सांगा काकी, त्या दगडावर आता ओझं टेकवतं कोण? तुम्ही सोडून एक नाव सांगा, अर्ज मीच लिहून देतो."

कमळबाय जुन्या जोडीदारणी आठवू लागली. कल्पिताची आई दोन वर्षांपूर्वी वारली. गुणाजीची बायको आता टेम्पोतून येते. तिला एकही नाव सापडेना. चिरा पाडल्यापेक्षा या गोष्टीचा तिला जास्त संताप आला.

दुसऱ्या दिवसापासून तिने टोपली वाटेत उतरवणंच सोडलं. खाली ठेवलीच नाही, तर उचलायला कोण लागतंय? बाकांसमोर ती उभ्या उभ्याच दम खाते. मानेला कळ लागते, बोटं बधिर होतात. घरी विचारलं तर उशी वाईट आहे म्हणून सांगते.

पाडव्याच्या सुमाराला तो व्हिडिओ फिरत फिरत हेमालीच्या मोबाइलवर आला. विपुलला तिने तो दाखवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाताना तिने नाक्यावर स्कूटर थांबवली. सासू चार रिकाम्या बाकांसमोर, डोक्यावर ओझं घेऊन, डोळे मिटून उभी होती.

"आई."

"हात लावू नको. बोली झालीय आपली."

"मी उचलत न्हाय. धरते नुसती."

हेमालीने टोपली उतरवून घेतली आणि छातीशी धरली. कमळबायने मान डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली, तीन आठवड्यांत पहिल्यांदा. हेमालीच्या डोक्यावर हेल्मेट तसंच होतं आणि टोपली हळूहळू खाली सरकत होती.

"जरा वर धर," कमळबाय वैतागून म्हणाली. "चिरा तुझ्या हातांपरीस उंच होता."

हेमालीने टोपली वर सरकवली. कमळबाय वाकली, टोपलीखाली डोकं घातलं, आणि एकटीने उचलली.