चुकीच्या घरी गेलेला होकार

आमच्या समाजाच्या वधू-वर मेळाव्यासाठी मोबाइल ॲप मी केलं. जळगावात एका लहान कंपनीत मी प्रोग्रामर आहे आणि काका मेळाव्याच्या समितीवर, म्हणून काम आपसूक माझ्याकडे आलं. मुलाकडच्यांनी होकार किंवा नकार दाबायचा आणि निरोप त्या मुलीच्या मोबाइलवर जायचा, एवढंच होतं ते.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी काकांना धुळ्याहून फोन आला. तिथल्या एका मुलीला फैजपूरच्या मुलाचा होकार आला होता. केळीची बाग असलेलं चांगलं घर. तिच्या वडिलांनी लगेच फैजपूरला फोन लावला. भोवती नातेवाईक बसलेले, स्पीकर चालू. पलीकडून उत्तर आलं, "भाऊ, आम्ही तर दुसऱ्याच मुलीला हो म्हटलंय."

मी प्रोग्राम उघडला आणि चूक दिसली. मोबाइलवरून आलेली प्रत्येक विनंती सर्व्हरवर एक हँडलर, म्हणजे प्रोग्रामचा एक छोटा भाग, हाताळतो. अशी अनेक कामं एकाच वेळी चालू असतात. माहितीच्या साठ्याशी प्रत्येकाने नव्याने जोडणी केली तर वेळ जातो, म्हणून सर्व्हर सुरू होतानाच मी ही जोडणी सांभाळणारा एक ऑब्जेक्ट, जणू सगळ्यांचा एकच कप्पा, बनवून तोच सगळ्या हँडलरांना दिला होता. इथवर बरोबर होतं. पण निरोप कुठल्या मुलीला जायचा, ते नावही मी त्याच ऑब्जेक्टमध्ये ठेवलं होतं. घरी एकटीने तपासताना काही बिघडलं नाही. हॉलमध्ये मात्र सगळे एकदमच बटणं दाबत होते. फैजपूरच्या होकाराने एका मुलीचं नाव लिहिलं. तो निरोप सुटायच्या आत दुसऱ्याच कुणाच्या नकाराने त्यावर धुळ्याच्या मुलीचं नाव लिहिलं. दोन्ही निरोप तिलाच गेले.

नाव त्या सामायिक ऑब्जेक्टमधून काढलं, प्रत्येक विनंतीसोबत वेगळं दिलं. चहा गार व्हायच्या आत दुरुस्ती झाली. याचीच जास्त लाज वाटली.

"नेटवर्कचा घोळ झाला म्हणून फोनवर सांगून टाकू," काका म्हणाले.

"नेटवर्कचा नाही काका, माझा. मी येते तुमच्याबरोबर."

धुळ्याला त्यांच्या घरी आम्हाला खुर्च्या दिल्या, वडील स्वतः पलंगाच्या कडेला टेकले. मी जमेल तसं सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली. "व्हई जास बेटा. मशीननं काम शे ते."

"मशीनचं नाही हो, मी लिहिलेलं होतं," मी म्हटलं. पण ते तेवढ्यात काकांना पावसापाण्याचं विचारू लागले होते.

मुलीने मला हात धुवायला मागच्या दारी नेलं. नळ सोडून म्हणाली, "मला दोन निरोप आले होते, ताई. होकार चुकीचा होता, कळलं. नकार?"

"तो तुमचाच होता," मी पटकन बोलून गेले. त्यापेक्षा गप्प राहिले असते तर बरं.

"बरं," ती म्हणाली. मग टॉवेल देत तिने विचारलं, "तुमचं लग्न झालंय?"

"नाही."

"तुम्ही टाकलंय का तुमचं नाव त्यात?"

मी नव्हतं टाकलं. काकूने दोनदा म्हटलं तरी टाळलं होतं. कुणीतरी बोटाने आपल्याला नको म्हणणार आणि तो निरोप मीच बनवलेल्या रंगीत चौकोनात येणार, हे मला सोसवलं नसतं. तिला मात्र नुसतं "नाही" म्हणाले. तिने पुढे विचारलं नाही, नळ बंद केला.

निघताना तिच्या आईने पेढ्यांचा बॉक्स काकांच्या हातात दिला. "गल्लीत वाटाले आणेल व्हतात. आते घरमा ठेईसन काय करू?" काकांनी तो घेतला. बसमध्ये ते म्हणाले, "माणसं चांगली आहेत." मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

पुढच्या मेळाव्यात निरोप ॲपने पाठवायचे नाहीत, समितीतल्या माणसाने फोन करून सांगायचे, असा मी हट्ट धरला आणि तो मान्य झाला. त्या मेळाव्याला धुळ्याची ती मुलगी आली नव्हती. तिचे वडील धाकटीला घेऊन आले होते. त्यांनी मला हॉलच्या दुसऱ्या टोकावरून ओळखलं, हसून हात वर केला. मी मोबाइलमध्ये काही तपासत असल्यासारखी मान खाली घातली. वर पाहिलं तेव्हा ते खुर्ची शोधत पुढे गेले होते.