आपले येण्याचे प्रयोजन

स्वतःच्या लग्नाच्या बायकोला "बाई, आपण कोण?" असं विचारून मग तिच्याच हातची भाकरी पोटभर खाणारा माणूस या भूतलावर एकच होऊन गेला, आणि तो माझा मामेसासरा होता. माझ्या बायकोचे सख्खे मामा. सत्तरच्या दशकात सांगलीच्या आमच्या कॉलेजात ते सुरक्षाप्रमुख होते. सुरक्षाप्रमुख या शब्दानं दबून जाऊ नका. त्यांच्या हाताखाली एक पहारेकरी आणि एक पिवळं कुत्रं एवढंच दल होतं, आणि त्यातल्या त्यात कुत्रं जास्त ऐकायचं. पण मामांचा थाट असा, की देशाची सरहद्द आमच्या कॉलेजच्या लोखंडी फाटकातूनच जाते आणि ते जरा पाणी प्यायला गेले तर शत्रू थेट प्रयोगशाळेत घुसेल.

याला कारण होतं. मामा कराडकडच्या एका गावचे. त्या गावात घरटी एक माणूस फौजेत. मामाही भरतीला गेले आणि छाती बोटभर कमी भरली म्हणून परत आले. पुन्हा गेले, पुन्हा तेच. "श्वास भरून धरला हुता रं, पर त्या डाक्टरनं मला बोलण्यात गुतवलं आन् सोडाय लावला," असं ते सांगायचे आणि अजून त्या डॉक्टरला शोधत असल्यासारखे इकडं तिकडं बघायचे. गावच्या जत्रेत मिशांना पीळ देत बसलेले हवालदार-सुभेदार भेटले की मामा देवदर्शन लवकर उरकायचे. मग कॉलेजात नोकरी लागली तेव्हा त्यांनी शिंप्याकडून एक खाकी टोपी शिवून घेतली, तिला पितळी बिल्ला लावला, आणि ठरवून टाकलं, की टोपी डोक्यावर आहे तोवर आपल्याला ना गाव ना गोत. "ड्युटीवर नातं न्हाई," हे त्यांचं ब्रीद. आमच्या मुलखात नात्यावाचून पान हलत नाही. एसटीत पायावर पाय पडून भांडण जुंपलं तरी कडेगावपर्यंत दोघं एकमेकांचे पाहुणे निघतात. तिथं असा माणूस म्हणजे आक्रीतच म्हणायचं.

टोपी चढली की मामांची भाषाही बदलायची. घरी ते अस्सल कराडकडचं बोलायचे, पण फाटकावर छापील मराठी. सरकारी काम परिपत्रकाच्या भाषेतच झालं पाहिजे अशी त्यांची श्रद्धा होती, आणि कॉलेजच्या फलकावर लागणारी परिपत्रकं वाचून वाचून त्यांनी ती भाषा पाठ केली होती. "आपण कोण? आपले येण्याचे प्रयोजन काय?" हा प्रश्न प्रिन्सिपॉलपासून पाववाल्यापर्यंत सगळ्यांना रोज. मुलांनी त्यांचं नावच प्रयोजनमामा ठेवलं होतं. दुपारी मामी डबा घेऊन यायच्या, तर त्यांचीही सुटका नाही.

"बाई, आपण कोण?"

"तुमच्या पोरांची आई."

"येण्याचे प्रयोजन?"

"भाकरी. हितं फाटकात एक येडं बसतंय, त्येला चारायची हाय."

मामा गंभीरपणे डबा उघडून तपासायचे, "ठीक आहे, आत यावे" म्हणायचे, आणि मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली की त्याच दमात, "आज कोरड्यास काय केलंयस गं?" आम्ही पोरं हा खेळ बघायला तास बुडवायचो. एकदा स्नेहसंमेलनाला एक आमदार आले. मोटार अडवून मामांनी प्रयोजन विचारलं. आमदार हसून म्हणाले, "भाषण करायचंय." मामांनी पुढं विचारलं, "साधारण किती वेळ?" ते म्हणाले, "अर्धा तास." झालं. अर्धा तास झाल्याबरोबर मामा व्यासपीठाच्या पायरीशी शिट्टी तोंडात धरून उभे. आमदारांनी ते पाहिलं आणि उरलेला देशाचा विकास एका वाक्यात आटोपला. त्या दिवशी मुलांनी मामांना खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं होतं.

सुरक्षेचं म्हणाल तर त्यांना चोरापेक्षा भूकंपाचा धसका जास्त. बहीण आणि मेहुणे कोयनानगरला वसाहतीत राहायला, तिथला मोठा भूकंप त्या घरानं सोसलेला. तेव्हापासून जमीन हलणार यावर मामांचा विश्वास बसला तो कायमचा. एका सकाळी कारखान्याकडं निघालेले उसाचे ट्रक ओळीनं रस्त्यावरून गेले, वर्गाच्या तावदानांचा खडखडाट झाला, आणि मामांनी शिट्टी फुंकून सगळं कॉलेज मैदानात काढलं. प्रिन्सिपॉलसाहेब चष्मा खोलीतच विसरून लिंबाखाली उभे होते. ट्रकवाले थांबून विचारू लागले, काय सभा आहे काय. मामा अजिबात ओशाळले नाहीत. "तालीम उत्तम झाली, आता वर्गात जावे," म्हणाले. जाताना पोरांनी ट्रकमधला ऊस ओढून घेतला ते त्यांना दिसलं नाही असं त्यांनी दाखवलं.

ती शिट्टी म्हणजे मामांच्या स्वभावाचा खरा आरसा. दर वळणाला, प्रत्येक इमारतीच्या कोपऱ्याला ते आधी शिट्टी वाजवायचे आणि मगच वळायचे. एकदा मी त्यांना विचारलं, की अशानं गुन्हेगार सापडणार कसा? तर टोपी सारखी करत म्हणाले, "पकडणे हा उद्देश नसून सावध करणे हा उद्देश आहे." विडी ओढणारी पोरं विडी विझवायची, भांडणारे गळ्यात हात घालायचे, आणि मामा येऊन बघतात तो सगळं आलबेल. आमच्या कॉलेजात त्या काळात एकही गुन्हा घडला नाही, तो असा.

आता माझं सांगतो. मी फलटणकडचा, उसाच्या घरचा, होस्टेलवर राहून बीएस्सी करणारा. आणि माझ्याच वर्गात मामांची भाची. कोयनानगरहून शिकायला मामाकडं आलेली. तिच्या वडिलांनी तिला पाठवताना स्पष्ट बजावलं होतं, की एक जरी तक्रार आली तरी शिक्षण बंद, पाटणचं स्थळ बघून ठेवलंय. तिला रसायनशास्त्राची पदवी हवी होती, आणि मला, आता लपवायचं काय, ती हवी होती. त्या वर्षी नवे प्रिन्सिपॉल आले. देशातच शिस्तीचे वारे होते, त्यांनी आमच्याकडंही फलक लावला: मुलामुलींनी वर्गाबाहेर बोलत उभं राहू नये, राहिल्यास पालकांना बोलावलं जाईल. तरीही आम्ही प्रयोगशाळेच्या मागं उभे राहायचो. मामांच्या शिट्टीवर आमचा देवावर नसेल एवढा भरवसा.

आणि नेमकं त्याच आठवड्यात मामींनी सदऱ्याच्या खिशातल्या शिट्टीसकट सदरा धुतला. आतला बुचाचा गोळा भिजून फुगला. मामा कोपऱ्यावर आले, त्यांनी गाल फुगवून फुंकर मारली, आवाज काही निघाला नाही, आणि सवयीनं ते वळले. समोर आम्ही दोघं. मामा आमच्याइतकेच दचकले होते. पण टोपी डोक्यावर होती.

"आपण कोण?" त्यांनी भाचीला विचारलं.

"मामा, आवं मी..."

"मामा घरी आहेत. आपण कोण?"

तिनं रडवेल्या आवाजात पूर्ण नाव सांगितलं. "आपले पालक?" कॉलेजच्या दप्तरात पालक म्हणून मामांचंच नाव होतं. ती म्हणाली, "मामाच." मामांनी टोपी सारखी केली. "त्यांना कळवण्यात येईल," म्हणाले आणि न वाजणारी शिट्टी हातात घट्ट धरून निघून गेले.

संध्याकाळी घरी जे झालं ते हिनं स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं आणि मला पुढं हजारदा सांगितलं. मामांनी आपल्याच घराची कडी वाजवली. टोपी डोक्यावर. "पालक घरात आहेत का?"

मामी म्हणाल्या, "आता गं बया. आवं, तुमीच की पालक."

"त्यांना बोलवा."

"कुठनं बोलवू?"

मामांनी जरा विचार केला. मग टोपी काढून बाहेरच्या खुंटीला अडकवली, आत येऊन खाटेवर बसले आणि म्हणाले, "काय झालं? कोण आलंय?" मामी म्हणाल्या, "मला काय ठावं? सांगाय तुमीच आलाता." मामा पुन्हा बाहेर गेले, टोपी घातली, उंबऱ्याबाहेर ताठ उभे राहून रिकाम्या खाटेला सगळी तक्रार छापील मराठीत ऐकवली, उद्या सकाळी प्रिन्सिपॉलसाहेबांना भेटावं असं कळवलं, आणि टोपी काढून आत आले. त्यानंतर मात्र ते ताटावरही बसेनात. मामींनी हसू आवरून ताटं झाकून ठेवली. शेवटी त्यांनी भाचीला जवळ बोलावलं.

"पोरगं कसं हाय?"

"चांगलं हाय, मामा."

"शिकतंय, का नुस्तंच मागं हुबं ऱ्हातंय?"

"वर्गात पयलं येतंय."

"पयलं येणाऱ्याला वाजत नसलेली शिट्टी कळंना व्हय?" मामा म्हणाले, आणि मग ती रडायला लागली तसं तिच्या डोक्यावर हात ठेवून बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली. पालकाला ड्युटी कशी करता येईल? लग्नकार्यातला फेटा बांधून मामा फाटकावर आले, तर त्यांच्या हाताखालच्या पहारेकऱ्यानं सलाम ठोकला. मामा त्याच्यावर उखडले. "सलाम कसला करतोस गड्या? अडव मला. प्रयोजन इचार." त्यानं बिचाऱ्यानं विचारलं. "भाचीपायी आलोय," मामा म्हणाले, आणि आत आले.

प्रिन्सिपॉलच्या खोलीत आम्ही दोघं मान खाली घालून उभे होतो. साहेब म्हणाले, "काय हो, रिपोर्ट तुमचाच आणि पालकही तुम्हीच?"

"व्हय जी. रिपोर्टात चूक काडू नका, त्यो मानूस परामाणिक हाय. त्यानं बघितलं ते सांगितलं. आता माझं आयका. पोरगी बोलली. माझ्या घरात ऱ्हातीया, बोलणारच. तिला म्या मुकी न्हाई ठेवली."

"ते ठीक आहे, पण तिच्या वडिलांना कोयनानगरला कळवावं लागेल."

ही एकदम पांढरीफटक पडली. मामांनी फेट्याचं शेपूट हातात धरलं. "तेवढं नगा करू, सायब. ती बातमी तितं गेली की पोरीचं शिकशान तितंच बुडालं. तुमच्या कागदावर पालक म्या हाय. म्या पुरा पडत नसलो तर मग मी सुरक्षेला तरी काय पुरा पडणार? टोपी घरी खुंटीला हाय. आनून देतो."

फौजेनं नाकारलेल्या त्या माणसाकडं मिरवायला ती एकच वस्तू होती, आणि तो ती टेबलावर ठेवायला निघाला होता. प्रिन्सिपॉलसाहेब कडक असतील, पण दगड नव्हते. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "बरं, कोयनानगरला कळवत नाही. पण शिक्षा काय द्यायची ते तुम्हीच सांगा."

"ते टोपीवाल्याला इचारा," मामा म्हणाले. "उद्या येईल कामावर."

टोपीवाल्यानं दुसऱ्या दिवशी शिक्षा फर्मावली: परीक्षेपर्यंत मी रोज सकाळी फाटकात उभं राहून मोठ्यानं आपलं प्रयोजन सांगायचं. मी रोज सांगायचो, "अभ्यास." अख्खं कॉलेज हसायचं, मामा गंभीर चेहऱ्यानं "आत जावे" म्हणायचे. दोघंही चांगल्या मार्कांनी पास झालो. मला फलटणकडच्या साखर कारखान्यात केमिस्टची जागा लागली. तिथला पहिला महिना भरल्यावर मी सांगलीला आलो आणि थेट फाटकावर गेलो. मामा टोपी घालून उभे. ओळखीचं चिन्ह नाही.

"आपण कोण?"

मी नाव सांगितलं.

"आपले येण्याचे प्रयोजन?"

मी म्हणालो, "आपल्या भाचीला मागणी घालायची आहे."

मामांनी माझ्याकडं बघितलं, मग आजूबाजूला बघितलं, आणि सावकाश टोपी काढली. "मग हितं कशाला आलास, येड्या? घरला ये. सोयरिक फाटकात ठरत न्हाई."

कोयनानगरच्या वडिलांना पटवायलाही तेच गेले, अर्थात फेटा बांधून. पाटणच्या स्थळाचं काय केलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. लग्नात आमच्याकडं मुलीचा मामा तिला बोहल्यावर आणतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. ही ड्युटी म्हणावी तर नात्याशिवाय तिला अर्थ नाही. मामा त्या दिवशी असे ताठ उभे राहिले, की गावाकडनं आलेले जत्रेतले ते सगळे हवालदार-सुभेदार मांडवात बसून बघतच राहिले. शेवटच्या अक्षता पडल्या, अंतरपाट दूर झाला, हिनं माझ्या गळ्यात हार घातला, आणि तिच्या डोक्यावरून वाकून मामा माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "आपले प्रयोजन?" मला हसू आलं आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती.

मामा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मधे आमच्या मुलीच्या प्रवेशासाठी आम्ही दोघं सांगलीला त्याच कॉलेजात गेलो होतो. लोखंडी फाटक तेच आहे, रंग नवा आहे. खुर्चीवर बसलेल्या पहारेकऱ्यानं वर न बघताच हातानं 'जा' म्हणून खूण केली. मुलगी भराभर आत गेली. आम्ही दोघं मात्र उगाचच फाटकात थांबलो. कुणी काही विचारलं नाही. मग हीच माझ्याकडं वळून मामांसारखी मान ताठ करून म्हणाली, "आपण कोण?" आणि पुढचं तिला बोलता येईना.