शेवटचं बिऱ्हाड कुठलं?

तमाम पेणकर आणि रोहेकर मंडळींस गंभीरपणे कळविण्यात येते, की एक नवरा-बायको शेवटचे कुठल्या छपराखाली एकत्र राहिले, हा प्रश्न एकदा थेट मुंबईच्या कुटुंब न्यायालयात गेला होता, आणि प्रस्तुत लेखक त्यात साक्षीदार होता.

नवरा रोह्याचा, नोकरीला मुंबईत. घटस्फोटाचा अर्ज त्याने तिथेच टाकला. बायको म्हणजे माझी चुलत बहीण. पेणला आईच्या कारखान्यात ती गणपतीचे डोळे आखायची. हे काम तिथे दुसऱ्या कुणाला जमत नसे. ती तारखेला मुंबईला गेली, की मागे ओळीने बिनडोळ्यांचे गणपती वाट बघत बसत. ऐन हंगामात हे परवडणारं नव्हतं. प्रकरण आपल्या जिल्ह्यात यावं, एवढंच तिला हवं होतं.

मला तर या कोर्टाचं भलतंच कुतूहल! तिथे वकिलाला परवानगीशिवाय बोलता येत नाही, माणसं आपलं आपणच भांडतात, हे ऐकून मी खूश. शिवाय अर्ज वाटेल तिथे चालत नाही. लग्न लागलं ते गाव, बायको राहते ते गाव, नाहीतर दोघं शेवटचे एकत्र राहिले ते गाव. लग्न रोह्यात, बायको पेणमध्ये. म्हणजे मुंबईची सगळी मदार शेवटच्या बिऱ्हाडावर.

बहीण म्हणत होती, गेल्या हंगामात चार महिने आम्ही दोघं कारखान्याच्या माळ्यावरच राहत होतो. आमच्याकडे हंगामात जावई आला, की चहाच्या आधी त्याच्या हाती ब्रश येतो.

नवरा शांतपणे म्हणाला, "मॅडम, मी दोन दिवस पाहुणा म्हणून गेलेलो. आमचं घर मुंबईचंच."

न्यायाधीशबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी घसा खाकरला, शर्ट नीट केला, तोंड उघडलं. तेवढ्यात बहीणच बोलली.

"पाहुणाच होता हो. कामाला बसवला, तर एक उंदीर धड रंगवता आला नाय त्याला."

नवरा ताडकन उठला. कान लाल झालेले.

"आला नाय? चार महिने तुझ्या शेजारी बसून सगळे उंदीर कोणी रंगवले गो? तुझ्या बापाने?"