सर्जेराव हवालदार आणि समुद्रातला किल्ला

सर्जेराव काका कुणाला मारण्यापूर्वी मनगटावरचे घड्याळ काढून सदऱ्याच्या खिशात ठेवीत. ही क्रिया ते इतक्या शांतपणे करीत, की पाहणाऱ्याला वाटावे, आता हे हात धुवायला निघाले आहेत. आमची ओळख झाली तीही अशीच. इकडे परदेशात, पार्सिपनी गावातल्या एका भारतीय दुकानात, मागच्या बाजूला, तांदळाच्या पोत्यांशेजारी माझे टेबल असते. आईवडिलांचा मुक्काम वाढवून मिळण्याची विनंती, गावाकडच्या जमिनीचे मुखत्यारपत्र, भावकीच्या तक्रारीला द्यावयाचे उत्तर, अशी कामे घेऊन लोक माझ्याकडे येतात. माझे शिक्षण अकरावीत थांबले हे खरे. परंतु ज्याने उमेदीची सारी वर्षे तहसील कचेरीच्या दारात अर्ज लिहिण्यात घालवली, त्याला कोणत्याही देशाचे सरकार फार काळ परके राहत नाही.

काका आले ते हयातीच्या दाखल्यासाठी. पेन्शन घेणाऱ्याने आपण जिवंत असल्याचे दरवर्षी सरकारला कळवायचे असते. "मी हितं तुमच्या म्होरं उभा हाय," ते म्हणाले, "तरी बी कागुद लागतोय?"

"काका, सरकार कागदावरच्या माणसाला पैसे देते. उभ्या माणसाला देत नाही."

ते हसले आणि मला 'वकील' म्हणाले. पुढे कायम तेच म्हणत राहिले. मी त्यांना दुरुस्त केले नाही. तेवढ्यात एका तरुण संगणक अभियंत्याने त्यांच्या कागदांवर स्वतःचे कागद ठेवले आणि म्हणाला, "अंकल, माझं दोन मिनिटांचं काम आहे यार, तुम्ही वेट करा ना." काकांनी घड्याळ काढले. त्या मुलाचा चष्मा पोत्यांच्या पलीकडे जाऊन पडला आणि फुटलेल्या ओठातले रक्त माझ्या कोऱ्या कागदावर उतरले. "रांग मोडली की आमच्याकडं जेवान बी मिळत न्हाई," असे त्याला सांगून काकांनी घड्याळ पुन्हा बांधले आणि सहीसाठी माझे पेन मागितले. त्या मुलाच्या व्हिसाचे नूतनीकरण चालू असल्यामुळे पोलिसांचे नाव कुणी काढले नाही.

काकांची सारी नोकरी एका तुरुंगात गेली. शिपाई म्हणून लागले, हवालदार होऊन निवृत्त झाले. पत्नी वारली, गावातल्या घराचा भावकीशी दावा लागला, म्हणून एकुलता मुलगा विक्रम याने त्यांना इकडे आणले. घड्याळाचे कारण मी एकदा विचारले. "एका कैद्याच्या दाताला लागून काच फुटली," ते म्हणाले. "सासऱ्यानं दिल्यालं घड्याळ. जपाया नको?" मारणे या विषयावर त्यांचे ठाम सिद्धांत होते. "मार म्हंजे बोलनंच असतंय वकील, फकस्त लवकर कळतंय." आणि दुसरा: "मानूस दोनदाच खरं बोलतो. भुकेला असला की, आन् मार खाताना."

याच हातांनी ते रोज सकाळी नातीच्या, ईराच्या, दोन वेण्या घालीत. केसांना तेल लावून, भांग सरळ रेषेत पाडून, रिबिनीचे फूल बांधून तिला शाळेच्या बसपर्यंत पोचवीत. ईरा इंग्रजीत बोले, काका मराठीत उत्तर देत, एकमेकांचे निम्मेच कळे, तरी दोघांचे छान जमे. विक्रमची पत्नी पूनम मला म्हणाली होती, "अर्जवाले काका, बाबांच्या हातच्या वेण्या संध्याकाळपर्यंत सुटत नाहीत. माझ्या दुपारीच सुटतात."

आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात एका मुलाने ईराला रंगमंचाच्या पायऱ्यांवरून ढकलले, पण ती कठड्याला धरून सावरली. मुलगा असेल नऊ-दहा वर्षांचा. काकांनी त्याच्या कानशिलात दिली, तेव्हा आरती चालू होती आणि टाळांच्या आवाजातही तो फटका मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. मुलाच्या कानातून रक्त आले. या देशात परक्याच्या मुलाला हात लावणे म्हणजे काय, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. पोलीस आले. मुलाचे आईवडील, मंडळाचे पदाधिकारी आणि मी लिहिलेला दिलगिरीचा मसुदा, या तिघांच्या समजुतीने प्रकरण निभावले. तरी त्या रात्री विक्रमने स्वयंपाकघरात बापाला उभे केले. सदर मसुद्याची प्रत घेऊन मीही तिथे हजर होतो.

"बाबा, लास्ट टाइम सांगतोय. पुन्हा कुणावर हात उचललात, तर पुढच्या फ्लाइटने इंडियात. आणि परत मी बोलावणार नाही."

"ती पडली आस्ती तर?"

"तर मी त्याच्या आईबापांशी बोललो असतो. ईरा घाबरते आता तुम्हाला. माहितीये?"

काकांनी जिन्याकडे पाहिले. वर ईराच्या खोलीचे दार बंद होते. "बरं," ते म्हणाले. "ठरलं." त्यानंतर काही दिवस ईरा वेण्या आईकडूनच घालून घेत असे. पुढे ती आपण होऊन कंगवा घेऊन त्यांच्यापुढे बसली, तेव्हा काकांनी ती बातमी मला दुकानात येऊन, उभ्याउभ्याच, दोनदा सांगितली.

वसंत ऋतूत आमच्या मंडळाने ज्येष्ठांची ग्रीसची सहल काढली. काकांना देवळे, संग्रहालये, समुद्रकिनारे यांत रस नव्हता. पण नाफ्प्लियो नावाच्या बंदरावर डोंगरी किल्ला असून त्यात पूर्वी तुरुंग होता, हे कळताच ते तयार झाले. "त्येंची कोठडी बघू कशी हाय ती." विक्रमने मला बाजूला घेऊन सांगितले, "तुम्ही त्यांच्या रूममध्ये राहा. प्लीज, नजर ठेवा. मला खरंच पाठवायचं नाहीये त्यांना." अशा जबाबदारीस माझ्याइतका योग्य मनुष्य मंडळात नव्हता, हे मलाही मान्य होते.

नाफ्प्लियो सुंदर आहे. एक किल्ला डोंगराच्या माथ्यावर, दुसरा त्याच्या खांद्यावर, आणि तिसरा, लहानसा, बंदरासमोर थेट पाण्यात. व्हेनिसच्या लोकांनी बांधलेल्या तटांवर पंख असलेला सिंह कोरला आहे. परंतु त्या गावचा सगळा इतिहास रक्ताने भिजलेला. जुन्या चर्चच्या दारात त्या देशाच्या पहिल्या राज्यप्रमुखाला गोळी घातली. तिची खूण भिंतीत काचेखाली जपून ठेवली आहे. एलेनी नावाची आमची मार्गदर्शक इंग्रजीत सांगे आणि काकांसाठी मी ते मराठीत आणीत असे. वरच्या किल्ल्यात एक कोठडी दाखवतात. आत शिरायला गुडघ्यांवर रांगावे लागते, आणि आत भर दुपारी काळोख. काका आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा अंगाला चुना लागला होता आणि चेहऱ्यावर उत्साह होता.

"हितं मारायला जागा न्हाई," त्यांनी सर्वांना सांगितले. "हात मागं जात न्हाई. हे लोक भाईर काढून मारत असनार." मग त्यांनी तळपायांवर कसे मारावे ते दाखवले. वळ दिसत नाहीत आणि माणूस चार दिवस उभा राहू शकत नाही. बायकांनी हातातली सँडविचे खाली ठेवली.

"अहो हवालदार, जेवतायत लोक," पाटणकर म्हणाले. पाटणकर पुण्याचे निवृत्त इंजिनियर, मुलीकडे राहणारे, बोलणे साखरेत घोळलेल्या मिरचीसारखे. काकांचा हात मनगटाकडे गेला नाही, हे मी पाहिले आणि विक्रमला तसे कळवलेही.

संध्याकाळी आम्ही बंदरावर, पाण्यातल्या किल्ल्यासमोर कॉफी घेत बसलो. एलेनीने सांगितले, की पूर्वी वरच्या तुरुंगातल्या कैद्यांची मुंडकी उडवणारा जल्लाद त्या पाण्यातल्या किल्ल्यात राहत असे. तो स्वतःही कैदीच. जीवदान देऊन त्याला या कामावर ठेवलेले. गावात त्याला कुणी थारा देत नसे. त्याची सावलीदेखील लोकांना नको असे.

काकांनी कप ठेवला. "त्येला पेन्शन व्हती का, इचारा."

एलेनीला ठाऊक नव्हते.

"घरचं कुनी संगट?"

कुणीच नसे, असे ती म्हणाली.

काका पाण्याकडे पाहत राहिले. "काम गावाचं," ते हळू म्हणाले, "आन् ऱ्हायाचं पान्यात."

पाटणकर मोठ्याने हसले. "मग हवालदार, खोली बुक करून टाका. तुमच्याच खात्याचं गेस्टहाउस दिसतंय. विक्रमलाही सोयीचं, तिकीट निम्म्यात पडेल."

गणपतीतला प्रकार आणि विक्रमने दिलेली तंबी मंडळात सर्वांना माहीत होती, त्यामुळे दोन-तीन जण हसले. मी पाहिले, तर काका घड्याळ काढत होते. मी त्यांच्या दंडाला धरून म्हणालो, "काका, विक्रमला शब्द दिलाय." त्यांच्या कोपराने मी खुर्चीसकट मागे गेलो. पहिल्या ठोशाला पाटणकर उठू पाहत होते, दुसऱ्याला ते होड्यांचे दोर बांधायच्या लोखंडी खुंटावर आपटले. तिसरा ठोसा त्यांना पडल्यावर बसला. तोंडातून दोन दात आणि रक्ताची गुळणी आली, आणि ती त्या गुळगुळीत फरशीवरून टेबलांच्या पायांपर्यंत पसरली. कॉफीवाल्या दोघा तरुणांनी काकांना मागून आवळले तेव्हा ते आपण होऊन थांबले. त्यांचा श्वासदेखील चढला नव्हता. "सोडा," ते मराठीत म्हणाले, "झालं माझं."

पाटणकरांच्या तोंडाला टाके पडले. ते दवाखान्यातून परतल्यावर हॉटेलच्या दिवाणखान्यात सगळे जमले. काका वर खोलीत होते. सहलीची व्यवस्था पाहणाऱ्या साठेताई म्हणाल्या, "हे आपसातलं आहे. पोलिसांत गेलं तर सगळ्यांच्या फ्लाइट्स कॅन्सल होतील, आणि मंडळाचं नाव जाईल ते वेगळंच." आश्चर्य म्हणजे सुजलेल्या तोंडाने पाटणकरांनीच दुजोरा दिला. "जेलच्या शिपायानं मला झोडपलं, हे पुण्यात कळायला नको. मी पडलो. लिहा." दवाखान्याला आणि विम्याला लेखी निवेदन लागणार होते. मी ते तयार केले. 'समुद्रकाठच्या गुळगुळीत फरशीवर पाय घसरून पडल्याने उपरोक्त गृहस्थांच्या मुखास दुखापत झाली, त्यास अन्य कोणीही कारण नाही.' सर्वांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. विक्रमला कळण्याचा प्रश्नच उरला नाही. फक्त काकांची सही बाकी होती, म्हणून त्यांना खाली बोलावून मी ते वाचून दाखवले.

"मधलं पुन्यांदा वाचा."

"पाय घसरून पडल्याने."

काका माझ्यासमोर बसले. "ह्ये मी लिवल्यालं हाय, वकील."

कुणाला काही कळले नाही. मग त्यांनी सांगितले. शेळी चोरून आत आलेला एक पोरगा, म्हादू नावाचा. मिसरूड नुकते फुटत होते. उलट बोलला म्हणून काकांनी त्याला मारले. सकाळी तो उठला नाही. साहेबांनी लिहायला सांगितले, त्याप्रमाणे काकांनी लिहिले, न्हाणीघरात पाय घसरून पडला.

"त्येची आई आली गावावनं. रडली न्हाई. मला म्हनली, दादा, कुठं घसरला ती जागा दावा. मी तिला न्हाणीघर दावलं. फरशी कोरडी ठाक. ती खाली बसली आन् तिनं फरशीवर हात फिरवून बघितला." काकांनी तळहात पुढे करून दाखवला. "कुनी बी घसरलं नसतं तिथं. तिला कळलं. मला बी कळलं, की तिला कळलंय. तरी मी म्हनलो, व्हय, हितंच."

मी म्हणालो, "काका, ते प्रकरण निराळे. इथे खुद्द पाटणकर म्हणतात पडलो. तुमची सही झाली की विषय संपला. नाही तर विक्रम काय करील, तुम्ही जाणता. ईरा दिसायची नाही."

"जानतो की." त्यांनी पेन माझ्याकडे सरकवले. "ह्यो मानूस घसरला न्हाई. मी मारला."

तो मसुदा आजही मला निर्दोष वाटतो. त्यात एक शब्द कमीजास्त नव्हता आणि तो सर्वांच्या हिताचा होता. काकांनी तो बाजूला ठेवून माझा फोन मागितला. त्यांचे एकट्याचेच बोलणे आम्हाला ऐकू येत होते. "विक्रम, मी हात उचलला... न्हाई, दात पाडलं. पाटणकरांचं... त्ये काय म्हनलं त्याला म्हत्त्व न्हाई... व्हय. ठरलं व्हतं न्हवं आपलं?" मग ते पाटणकरांपुढे जाऊन हात जोडून उभे राहिले. "चुकलो," ते म्हणाले. पाटणकरांनी मान फिरवली.

पार्सिपनीला परतल्यावर विक्रमचे मन डळमळले. पूनमही म्हणाली, "पाटणकर काका स्वतः सगळ्यांना सांगतायत की पडलो. आपण कशाला वाढवायचं? राहू दे बाबांना." काकांनी ऐकून घेतले आणि कपाटातले कपडे काढून बॅगेत भरायला घेतले. "आज मला सोडलंस," ते मुलाला म्हणाले, "तर उद्या मी आनखी कुनाला तरी मारीन. मला माझा हात ठावा हाय." विक्रम दाराशी उभा राहून रडला. काका बॅग भरत राहिले.

नेवार्कच्या विमानतळावर मी गेलो होतो. विक्रम आणि पूनम सामान देण्याच्या रांगेत होते. ईरा आजोबांच्या शेजारी बाकावर बसली होती. त्या दिवशीही वेण्या त्यांनीच घातल्या होत्या. बराच वेळ ती बुटांकडे पाहत होती. मग म्हणाली, "आजोबा, डिड यू से सॉरी?"

काकांना तेवढे इंग्रजी कळत असे. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही, स्वतःच्या गुडघ्यावरच ठेवला.

"पाटणकरांना म्हनलो, बाळा," ते म्हणाले. "बाकीच्यांचं पत्तं न्हाईत माझ्याकडं."

ईराने माझ्याकडे पाहिले. "व्हॉट डिड ही से?"

"हो म्हणाले," मी सांगितले.