उजेड का करंट?

वायरिंगचं दुकान चालवणाऱ्या माणसाकडं दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक वायरचे उरलेले तुकडे आणि दुसरे किस्से. तुकडे भंगारवाला नेतो. किस्से कोण नेणार? म्हणून दुकानात चहा आला की मी ते सांगत बसतो.

दुकान इस्लामपुरात आहे. माझं, म्हणजे तानाजीचं, आणि रफिकभाईंचं, भागीत. फिटिंग, मोटारी, इन्व्हर्टर अशी कामं आम्ही दोघं करतो. पण अलीकडं आमच्या नावावर एक वेगळंच काम लागलंय. कुणाच्या घरात नको तिथं उजेड दिसला की लोक देवऋष्याच्या आधी आम्हाला फोन करतात. देवऋषी कोंबडा मागतो आणि आम्ही चहावर भागवतो, एवढंच त्यामागचं कारण असावं.

हसायला सोपं आहे. पण त्या उजेडाचं कारण सापडेपर्यंत घरातलं कुणीतरी पेचात असतं. सगळ्यात जास्त पेचात सापडली होती माझी सख्खी मावशी. भिंतीवर उजेड दिसतो असं म्हणाली, म्हणून तिच्यावर राहतं घर सोडायची पाळी आली होती. तिचं सांगणारच आहे. आधी बाकीच्यांचं ऐका.

*

निम्मा घोटाळा शब्दातच आहे. आपल्याकडं बल्बला लाईट म्हणतात, उजेडाला लाईट म्हणतात आणि विजेलाही लाईटच म्हणतात. एकदा वाळव्याकडच्या एका मळ्यातून फोन आला. माणूस घाबरलेला होता.

"आवं, आमच्या घरात लाईट येतीया. रोज सांजच्याला. आपसूक."

रफिकभाई म्हणाले, "मग बरं हाय की. आमच्यात अजून आली न्हाई."

"तसं न्हवं ओ. येतीया, जरा थांबतीया आन जातीया."

"आमच्यातबी तसंच करती. बोर्डाच्या हापिसात तक्रार करा."

दुसऱ्या दिवशी तो माणूस तणतणत दुकानातच आला. तेव्हा कळलं, की त्याच्या भिंतीवरून रंगीबेरंगी ठिपके फिरत होते. उसाच्या ट्रॉल्या त्याच्या घरापाशी वळायच्या, आणि ट्रॅक्टरवाल्यांनी हौसेनं लावलेली झगमग खिडकीतून आत यायची. तेव्हापासून असा फोन आला की रफिकभाईंचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "उजेड का करंट?"

*

आमच्या दुकानामागं एक निवृत्त गुरुजी राहतात. त्यांच्या खोलीतला एलईडी बल्ब बटण बंद केलं तरी मंद जळत राहायचा. गुरुजींनी जन्मभर विज्ञान शिकवलेलं, त्यामुळं भूत म्हणायची सोय नव्हती. ते आपले गप्प राहून रोज त्या बल्बकडं बघत होते. शेवटी झोप उडाली तेव्हा आम्हाला बोलावलं.

कारण साधं होतं. अंधारात बटण सापडावं म्हणून बटणालाच एक बारीक लाल दिवा असतो. त्याच्यातून किंचित करंट पुढं झिरपतो, आणि एलईडीला तेवढाही पुरतो. रफिकभाईंनी हे सगळं समजावून सांगितलं. गुरुजींनी वर्गात मान डोलवावी तशी डोलवली.

चहा घेऊन आलेल्या काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हंजे बंद केला तरी पुरता बंद होत न्हाई. रिटायर झाल्यापास्नं आमच्यात दुसरं काय चाललंय?"

गुरुजी आम्हाला म्हणाले, "बटण बदलून टाका."

*

पुण्याहून माल घेऊन येताना एकदा खंडाळ्यात थांबलो. आपल्या सातारा जिल्ह्यातलं खंडाळा, थंड हवेचं नव्हे. तिथं रफिकभाईंच्या ओळखीचं एक घर आहे. त्या घरातल्या नव्या सुनेनं माहेरी जायला बॅग भरली होती. भांडण कुणाशीच नव्हतं. दुपारी खिडकी लावून ती पुढच्या खोलीत आडवी झाली, की तिला भिंतीवर माणसं चालताना दिसायची. तीही उलटी, पाय वर आणि डोकं खाली.

नवरा म्हणत होता, स्वप्न पडत असेल. पोरगी म्हणत होती, ह्या खोलीत मी आता पाऊल टाकणार नाही.

आम्ही दोघं खिडकी लावून खोलीत बसलो. थोड्या वेळानं भिंतीवरून एक उलटी सायकल गेली. मग उलटी म्हैस गेली. खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. रफिकभाईंनी माझं मनगट धरलं होतं, ते मला धीर द्यायला धरलं होतं असं ते आजही सांगतात.

मग खिडकीच्या फळीला पडलेलं एक भोक दिसलं. बाहेर रस्त्यावर रणरणतं ऊन आणि आत अंधार. त्या भोकातून रस्त्याचं चित्र उलटं होऊन समोरच्या भिंतीवर पडत होतं. मी भोकावर बोट ठेवलं की भिंत कोरी, बोट काढलं की माणसं चालू. सुनेनं स्वतः बोट ठेवून बघितलं, पुन्हा पुन्हा बघितलं, आणि पोट धरून हसायला लागली. तिची बॅग नवऱ्यानं घाईघाईनं आत नेली.

मी भोक बुजवायला लांबीचा गोळा काढला. दारात उभी असलेली सासू एकदम म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ओ. समोर कोण कवा येतंय, कवा जातंय, आता पडल्या पडल्या दिसतंय."

*

एकदा आम्ही चांगलेच आपटलो. एका घरात धान्याच्या कोठीमागं लाल-निळं काहीतरी लुकलुकायचं आणि विझायचं. रफिकभाई छातीठोकपणे म्हणाले, "वायर शॉर्ट व्हायला लागलीया. आग लागायच्या आधी बोलावलंत, नशीब समजा." झालं, आम्ही सगळं वायरिंग उघडलं. पट्ट्या काढल्या, बोर्ड काढले, पंखा खाली घेतला. कुठंच काही सापडेना.

शेवटी घरातल्या आजींनी केरसुणी घेतली आणि कोठीमागं एक जोरात फटका मारला. आतून लहान मुलाचा एक बूट बाहेर आला, टाचेत लुकलुकणारे दिवे असतात तसला. पाठोपाठ उंदीर बाहेर आला आणि दारातून गेला. बूट घरातल्या नातवाचा, हरवून बरेच दिवस झाले होते. उंदीर त्याला दात लावायचा आणि दिवे लागायचे.

आम्ही मुकाट्यानं सगळं जोडलं आणि सामान आवरून निघालो. मागून आजींची हाक आली, "आवं, उंदीर गेला त्ये झ्याक झालं. पण पंखा उलटा का फिराय लागलाय?"

*

दुसऱ्याच्या घरातल्या उजेडावर रफिकभाई लय बोलतात, म्हणून त्यांच्या घरचं सांगायलाच पाहिजे. एका संध्याकाळी त्यांच्या गल्लीची वीज गेली आणि त्यांचा मला फोन आला. एरवी दुकान हलवून सोडणारा आवाज एकदम बारीक झाला होता.

"तानाजी, घरी ये. कपाटाशेजारी हिरवं काय तरी लोंबतंय. हलतंयबी."

"उजेड का करंट?" मी विचारलं.

"चेष्टा नगं गड्या. ये लवकर."

मी पोचलो तेव्हा रफिकभाई अंगणात उभे होते आणि शमीमभाभी आत निवांत बसल्या होत्या. खोलीत खरंच हिरवी, फिकट, लांबट आकृती अधांतरी लटकत होती. मी मोबाईलचा टॉर्च मारला. खिळ्याला तसबीह अडकवली होती, जपाची माळ. भाभींच्या खाला, म्हणजे मावशी, हज करून आल्या, त्यांनी जावयाला भेट आणलेली. मणी रेडियमचे होते. दिवसभर उजेड प्यायचे आणि अंधार झाला की चमकायचे.

रफिकभाई म्हणाले, "मला कुणी सांगितलं का, चमकती म्हणून?"

भाभी म्हणाल्या, "आणल्यापास्नं एकदा जरी हातात धरली असती, तर कळलं असतं."

*

आता मावशी.

मावशी म्हसवडच्या पुढं माळावर राहते. सगळा जन्म मेंढरांमागं फिरण्यात गेला. काका वारले, फिरणं थांबलं, पण घरामागं दगडी कुंपणाच्या वाडग्यात थोडी मेंढरं तिनं अजून ठेवलीत. त्यांच्याशी ती दिवसभर बोलते. एकुलता मुलगा बापू मिलिटरीतून सुटून आला आणि पुण्यात एका कंपनीत सिक्युरिटीचा साहेब झाला.

दिवाळी झाल्यापासून मावशी फोनवर सांगायला लागली, सांज झाली की दाराच्या वर भिंतीवर उजेड येतो, हळूहळू खाली सरकतो आणि जातो. बापू मुद्दाम बघायला आला, पण पोचेपर्यंत अंधार पडलेला, आणि पहाटे परत ड्युटीवर निघायचं. आजूबाजूला घर नाही, म्हणजे साक्षीला कुणी नाही. बापूनं ठरवून टाकलं, आईला भास होतात. पुण्याला न्यायचं, मोठ्या डॉक्टरला दाखवायचं आणि आता तिकडंच ठेवायचं. मेंढरं विकून टाकायची.

मला बापूचं चूक वाटत नव्हतं. एकट्या आईला असं काही दिसायला लागलं तर मीही घाबरलो असतो. पण पुण्यात मावशीला घास जात नाही, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. बापू तिला न्यायला आला त्या दिवशी सकाळी तिचा मला फोन आला.

"तान्या, जायच्या आधी एकदा येऊन बघ. तुलाबी न्हाई दिसला, तर मी गप गाडीत बसती."

दुकान बंद करून आम्ही दोघं निघालो. पोचलो तेव्हा तिचं गाठोडं बापूच्या गाडीत ठेवून झालं होतं. बापू म्हणाला, "तानादा, तू आणि कशाला टेन्शन घेतलंस? चेकअप करू, बस." तरी मी त्याला ओढून आत बसवलं. रफिकभाई उंबऱ्याजवळ बसले. मावशीनं चहा दिला. बापू सारखा घड्याळाकडं बघत होता. मला मनातून भीती वाटत होती, की आज उजेड आलाच नाही तर ह्या बाईला मीच घराबाहेर काढल्यासारखं होईल.

आणि तो आला. भाकरीएवढा, दाराच्या वर, स्वच्छ. मग तिरका खाली सरकायला लागला.

बापू उठून उभा राहिला. मावशी उजेडाकडं बघतच नव्हती, बापूच्या तोंडाकडं बघत होती.

"दिसला व्हय?"

"दिसला."

"मला दिसला तवा भास हुता. आता तुजंबी नाव घाल डॉक्टरकडं. दोगं मिळून जाऊ."

रफिकभाईंचा चहा सांडला. बापूही हसला, जरा उशिरानं. मग गाडीकडं गेला आणि गाठोडं काढून त्यानं घरात आणून ठेवलं. डॉक्टरचं नाव नंतर कुणी काढलं नाही.

उजेड मागच्या भिंतीतल्या झरोक्यातून येत होता. सूर्य टेकायच्या आत शोधायचं म्हणून रफिकभाई घरामागं पळाले. तिकडून ओरडले, "तानाजी, बघ रं!" भिंतीवरचा उजेड गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला.

आम्ही मागं गेलो तर रफिकभाई वाडग्याच्या दगडी भिंतीवर चढून एका खांबावरच्या सोलरच्या काचेवर हात धरत होते. दिवाळीत बापूनं तिथं सिमकार्डवाला कॅमेरा बसवला होता. आई आणि मेंढरं पुण्यात मोबाईलवर दिसावीत म्हणून. कॅमेऱ्याला चार्जिंगसाठी ती सोलरची काच होती, आणि मावळतीचं ऊन तिच्यावर पडून त्याचा कवडसा झरोक्यातून घरात जात होता.

बापूनं गाडीतला पाना आणला. मग स्वतः भिंतीवर चढला.

"आई, काच जरा फिरवतो. परत तुला तरास नको."

"नगं. हाय तशी ऱ्हाऊ दे."

"का गं?"

मावशी मेंढरं वाडग्यात घालत होती. तिनं वरही बघितलं नाही.

"त्या कॅमेऱ्यातनं तुला मी रोज दिसती. मला तू कुटं दिसतोस? त्यो उजेड तेवढा येतोय, येऊ दे."